वृद्धाश्रम 'चांगला' आहे हे ठरवायचं कसं? आत्याच्या निमित्ताने केलेला थोडा अभ्यास

दुपारचे चार वाजले होते. घोडबंदर रोडच्या बाजूला एका वृद्धाश्रमात (नाव नाही लिहित) माझी आत्या तीन आठवडे होती, आणि तिच्या पलंगाच्या पायथ्याशी सुतळीने एक पॅड लटकवलेलं होतं, त्यावर कूस बदलल्याचा तक्ता. दर दोन तासांचा एक रकाना, डावी कूस, उजवी कूस, पाठ, आणि समोर सही. मी सहज बघितलं तर सकाळी सहापासून सगळ्या सह्या व्यवस्थित. आठ, दहा, बारा, दोन, चार. मग सहा, आठ, दहा, आणि पुढे पार दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत. म्हणजे जी रात्र अजून यायचीच होती त्या रात्रीसुद्धा आत्याला दोन-दोन तासांनी वळवून झालं होतं, एकाच निळ्या पेनने, एकाच सहीने.

चादर बाजूला केली तर माकडहाडाशी रुपयाएवढी जखम, एकाच कुशीवर पडून पडून होते ती.

मी खाली ऑफिसात गेले तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, आमची फाइल बघा, एकदम कम्प्लीट असते." आणि खरंच होती हो. तेच तर ना.

त्यानंतर चार-पाच महिने मी ठाणे, नेरूळ, खारघर असं फिरत होते, आत्यासाठी दुसरी जागा शोधत, आणि रात्री घरी येऊन वाचत बसायचे की बाकी जगात हे कसं ठरवतात, वृद्धाश्रम बरा की वाईट ते. थोडी पार्श्वभूमी सांगते. आत्या नौपाड्यात राहायची, एकटी, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टची बिल्डिंग. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या नव्या फ्लॅटमधे रात्री बाथरूमचं दार कुठल्या बाजूला ते आठवेना म्हणून पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि आधीच थोडा थोडा असलेला डिमेन्शिया हॉस्पिटलमधून येईपर्यंत दुप्पट झाला. ब्युरोच्या बायका ठेवून बघितल्या, सहा महिन्यांत सात बदलल्या. मग वृद्धाश्रम. ज्यांना वाटतं की 'आपल्यात असं करत नाहीत' त्यांनी एकदा आठवडाभर रात्री दर दोन तासांनी उठून माणूस वळवून बघावं, मग बोलू.

तर मुद्द्यावर येते. मानक, म्हणजे आपण ज्याला स्टँडर्ड म्हणतो, ते असतं काय? सगळ्या वृद्धाश्रमांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, 'घरगुती वातावरण, सकस आहार, चोवीस तास नर्सिंग, प्रेमळ सेवा'. ही विशेषणं झाली. विशेषण तपासता येत नाही. 'पुरेसं पाणी दिलं जातं' यावर तुम्ही आणि मॅनेजर दिवसभर वाद घालू शकता, पण 'प्रत्येकाच्या उशाशी, त्याच्या चालत्या हाताला येईल असं, त्याला स्वतःला उघडता येईल अशा भांड्यात पाणी असलं पाहिजे' असं लिहिलं की कोणीही सोम्यागोम्या दारातून आत येऊन हो की नाही सांगू शकतो. आत्याच्या खोलीत पाण्याच्या सीलबंद बाटल्या होत्या, रोज नवीन. तिच्या बोटांना ते सील तुटत नव्हतं. पाणी होतं, पण प्यायला नव्हतं.

म्हणजे मानक लिहायचं तर काय हवं, कोणासाठी हवं, आहे की नाही हे बघणाऱ्याला कसं कळणार, आणि नसेल तर पुढे काय होणार, एवढं सगळं त्यात यावं लागतं. यातलं शेवटचं, 'नसेल तर काय', हे आपल्याकडे बहुतेक वेळा गळतं.

आता हे मोजायचं कसं, यावर आरोग्यक्षेत्रात एक जुनी चौकट आहे आणि ती खूप कामाची आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. अवेदिस डोनाबेदियन नावाचे एक डॉक्टर होते, बैरूतमधे जन्मलेले अर्मेनियन, नंतर अमेरिकेत गेले. त्यांनी १९६६ मधे एक लेख लिहिला आणि त्यात सांगितलं की सेवेचा दर्जा तीन ठिकाणी बघता येतो. एक म्हणजे रचना, तुमच्याकडे काय काय आहे, इमारत, माणसं, सामान. दुसरी प्रक्रिया, तुम्ही प्रत्यक्षात काय करता. आणि तिसरा परिणाम, त्या माणसाचं शेवटी काय झालं. ऐकायला अगदीच साधं वाटतं, मलाही वाटलं यात काय मोठं, पण आत्याच्या जखमेवर लावून बघा मग कळतं की तिन्ही खण आपापल्या परीने खोटं बोलू शकतात.

रचनेचा खण. एअर बेड आहे का? आहे. तो बुडबुड्यांचा निळा बेड, बाजूला पंप. पंपाचं बटण बंद, कारण एकच प्लग पॉइंट आणि त्यावर फॅन. तपासणीच्या कागदावर मात्र 'एअर बेड: आहे' अशी टिकमार्क.

प्रक्रियेचा खण. कूस बदलली का? तक्त्यावरच्या सह्यांचं वर सांगितलंच.

मग वाटतं की सरळ परिणामच मोजा ना, जखम झाली की नाही, संपला विषय. इथे जास्त गंमत आहे. एक म्हणजे जखम आश्रमात झाली की हॉस्पिटलमधूनच घेऊन आला, हे कोण सांगणार? खुब्याच्या ऑपरेशननंतर दहा दिवस हॉस्पिटलच्या बेडवर पडलेल्या माणसाला तिथेच सुरुवात झालेली असू शकते, आणि आश्रमाने दाखल करताना अंग तपासून लिहून ठेवलं नसेल तर पुढे नुसती तू-तू मैं-मैं. दुसरं म्हणजे जो आश्रम बेडरिडन माणसं घेतच नाही, नुसते चालते-बोलते काका-काकू घेतो, त्याच्याकडे जखमा शून्य असणारच, आणि जो बिचारा नळीवाले, डायपरवाले, कोणी नको म्हटलेले घेतो त्याचा आकडा वाईट दिसणार. नुसत्या आकड्यावरून क्रमवारी लावली की सगळे आश्रम हुशार होतात आणि अवघड माणसं नाकारायला लागतात. म्हणून आकडे जिथे नीट काढतात तिथे आधी किती अवघड माणसं आहेत याचा हिशेब धरतात, मगच तुलना करतात. आणि तिसरं, आपल्याकडचे आश्रम छोटे, वीस-बावीस बेडचे, रो-हाऊस नाहीतर बंगला भाड्याने घेऊन चालवलेले. वीस जणांत एकाला जखम झाली की झाले ५ टक्के, दोघांना झाली की १० टक्के. एवढ्याशा आकड्यावरून चांगलं-वाईट ठरवणं म्हणजे एका मॅचवरून बॅट्समन ठरवणं.

त्यामुळे एकच खण धरून चालत नाही, तिन्ही एकमेकांसमोर धरून बघावे लागतात. तक्ता म्हणतो वळवलं, अंग म्हणतं नाही वळवलं, तर अंगावर विश्वास ठेवायचा.

बरं आता त्या दोन तासांचंच घ्या. हे 'दर दोन तासांनी' इतकं रुळलंय की आपण ते वेदवाक्य समजतो. पण अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होम्समधे (म्हणजे तिथले नर्स असलेले वृद्धाश्रम) याची रीतसर चाचणी झाली, २०१३ मधे निष्कर्ष आले, दोन तास, तीन तास आणि चार तास असे गट करून बघितलं तर जखमा होण्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. पण, आणि हा पण मोठा आहे, त्या सगळ्यांखाली चांगल्या जाड फोमच्या गाद्या होत्या. आपल्या चपट्या झालेल्या कापसाच्या गादीवर हा नियम आणून चार-चार तास माणूस तसाच ठेवलात तर वाट लागेल. सांगायचं एवढंच की मानक कुठून आलं, कशावर बेतलंय, हे बघावं लागतं, नाहीतर रात्री दोन वाजता गाढ झोपलेल्या म्हातारीला हलवून उठवायचं आणि सही करायची, एवढंच उरतं.

माणसं किती आहेत हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर सगळ्यात गोलमाल मिळतं. 'स्टाफ भरपूर आहे मॅडम, चार जणी आहेत वीस लोकांना.' ऐकायला पाचाला एक, छान. आता हिशेब करू. बारा-बारा तासांच्या ड्यूट्या असतात, म्हणजे दिवसा दोघी, रात्री दोघी. दिवसाचे एकूण ४८ तास, म्हणजे २८८० मिनिटं, भागिले वीस, एका माणसाच्या वाट्याला १४४ मिनिटं. आता त्या चौघींना आठवड्याची एक सुट्टी तरी देणार ना? बदली बाई नाही. आठवड्यातल्या २८ ड्यूट्यांपैकी चार गेल्या, उरल्या २४. झाली १२३ मिनिटं. त्यातच भाजी निवडणं, फरशी, कपडे, दारावरची बेल, आणि त्यांचं स्वतःचं जेवण.

आता आत्याची गरज बघा. आंघोळ घालायला, खुर्चीवर बसवून, न ओरडता, २५ मिनिटं. भरवायला तीन वेळा अर्धा-अर्धा तास, कारण ती घास तोंडात धरून ठेवते, घाई केली की ठसका लागतो. डायपर नाहीतर कमोड दिवसातून सहा वेळा, दहा मिनिटं धरा. झाले १७५. अजून वळवणं नाही, औषधं नाहीत, दोन शब्द बोलणं तर नाहीच नाही. १२३ मधून १७५ कुठून काढणार ती बाई? ती वाईट नसते हो. तिच्याकडे मिनिटं नसतात, आणि सह्या मात्र मागितल्या जातात, मग ती सह्या देते.

ऑस्ट्रेलियात याच गोष्टीचा नियम केलाय, मिनिटांत. ऑक्टोबर २०२४ पासून देशभराची सरासरी दर माणशी दिवसाला २१५ मिनिटं सेवा, त्यातली ४४ मिनिटं रजिस्टर्ड नर्सची, आणि प्रत्येक आश्रमाचं लक्ष्य त्याच्याकडची माणसं किती अवघड आहेत त्यावरून कमीजास्त. आणि यात स्वयंपाक, साफसफाई धरायची नाही, ती वेगळी. मला हा नियम फार आवडला कारण मिनिटं ही भागाकार करून तपासता येतात. अर्थात आकडा कोण देतो यावर बरंच अवलंबून आहे. अमेरिकेत नर्सिंग होम्सना एक ते पाच स्टार देतात, २००८ पासून, सरकारी वेबसाइटवर कोणालाही बघता येतात, पण सुरुवातीची बरीच वर्षं स्टाफ किती हे ते होम्स स्वतःच कळवायचे. मग काय होणार, तपासणीच्या आसपास स्टाफ वाढायचा. शेवटी पगारपत्रकावरून आकडे घ्यायला लागले, कारण पगार दिल्याशिवाय कोणी कामावर येत नाही आणि न आलेल्याला कोणी पगार देत नाही. साधी आयडिया, पण सुचायला वेळ लागला.

फाइल कम्प्लीट आणि माणूस बेहाल, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पण ऑस्ट्रेलियातलंच आहे. अ‍ॅडलेडला ओकडेन नावाचं सरकारी केंद्र होतं, डिमेन्शिया आणि मानसिक आजार असलेल्या वृद्धांचं. त्या काळी तिथे मानकांचे ४४ मुद्दे होते आणि २०१६ च्या सुरुवातीला ओकडेन सगळ्याच्या सगळ्या ४४ मुद्द्यांवर पास झालं. त्याच सुमारास एका कुटुंबाने आपल्या माणसाच्या अंगावरचे वळ दाखवून तक्रार केली, चौकशी झाली, आतून जे निघालं ते इतकं भयंकर होतं की २०१७ मधे ते केंद्र बंदच करावं लागलं. पुढे २०१८ मधे तिथल्या सरकारने वृद्धांच्या सेवेवर रॉयल कमिशन, म्हणजे मोठा चौकशी आयोग, नेमलं आणि २०२१ च्या मार्चमधे त्याचा अंतिम अहवाल आला. दरम्यान एक साधा बदल झाला, आधी कळवून होणाऱ्या मोठ्या तपासण्या न कळवता करायला सुरुवात केली. आपल्याकडे शाळेत इन्स्पेक्शन असलं की आदल्या दिवशी फळे धुतले जायचे आणि दंगेखोर मुलांना मागे बसवायचे, आठवतंय ना? तसंच ते.

इंग्लंडमधे केअर क्वालिटी कमिशन नावाची संस्था आहे, २००९ पासून, आणि तिचे इन्स्पेक्टर पाच प्रश्न विचारतात, मला ते प्रश्न आपल्या भाषेत असे वाटतात: इथे माणूस सुरक्षित आहे का, जे करताय त्याचा उपयोग होतोय का, माया आहे का, सांगितलेलं ऐकतात का, आणि वर बसलेल्याला आपल्या घरात काय चाललंय ते माहितीये का. त्यावरून चार श्रेणी, उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा हवी, आणि अपुरं. श्रेणी दारात लावावीच लागते. विचार करा, घोडबंदर रोडवर एखाद्या बंगल्याच्या गेटवर 'सुधारणा हवी' अशी पाटी.

आता आपल्याकडे काय आहे ते. इथे लोकांचा खूप गोंधळ होतो, माझाही झाला. मी मॅनेजरला विचारलं रजिस्ट्रेशन आहे का, त्यांनी लॅमिनेट केलेला कागद काढला, धर्मादाय आयुक्तांकडचा ट्रस्ट नोंदणीचा. तो कागद खरा, पण तो सांगतो की ही संस्था आहे आणि तिचे हिशेब तपासले जातात. आत्याच्या पाठीशी त्याचा काही संबंध नाही. दुसरीकडे गुमास्ता दाखवला, म्हणजे दुकानाला असतो तो. आणि आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे छोटं हॉस्पिटल, त्यासाठी १९४९ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे परदेशातल्या लेखात 'नर्सिंग होम' वाचलं की आपल्या नाक्यावरचं डिलिव्हरीचं नर्सिंग होम डोळ्यांसमोर आणू नका, ते जे म्हणतात ते आपल्याकडच्या नर्स असलेल्या वृद्धाश्रमाच्या जवळचं आहे.

मुख्य कायदा म्हणजे आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा, २००७ चा. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे, नियम आले २०१० मधे. लोकांना हा माहीत असतो तो मुलांकडून पोटगी मागण्यासाठी, प्रांताकडे अर्ज करतात ना, तो. त्याच्या कलम १९ मधे वृद्धाश्रमांचं आहे, की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी, काढू शकेल, आणि तिथल्या सेवांचा दर्जा ठरवू शकेल. 'शकेल' हा शब्द बघा. आणि हे सगळं सरकारी, निराधारांच्या आश्रमांबद्दल. महिना पस्तीस-चाळीस हजार घेणाऱ्या खासगी आश्रमाने नोंदणी केलीच पाहिजे, अमुक माणसांमागे तमुक नर्स पाहिजे, असं त्या केंद्राच्या कायद्यात नाही. ही फट बुजवायला २०१९ च्या डिसेंबरमधे लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात खासगी आश्रमांची नोंदणी आणि किमान मानकं दोन्ही होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीने अहवाल दिला, आणि मग ते पास न होताच २०२४ मधे लोकसभेची मुदत संपली त्याबरोबर बाद झालं. साडेचार वर्षं.

मधल्या काळात महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मधे ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांचे नियम आणले, दारं निदान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, रॅम्प हवा, कठडे हवेत, न घसरणाऱ्या फरश्या हव्यात वगैरे. चांगलं आहे, पण ते बिल्डर 'सीनियर लिव्हिंग' म्हणून फ्लॅट विकतो त्यासाठी. तिथे संध्याकाळी घास भरवायला कोण येणार हे त्यात नाही. म्हणजे पहिला खण, रचनेचा, त्याचाही फक्त भिंतींपुरता भाग. याचं कारणही सरळ आहे, दाराची रुंदी टेपने मोजता येते. जे सहज मोजता येतं तेच आधी नियमात येतं.

आता सगळ्यात अवघड भाग, ज्यावर मला अजूनही नीट मत बनवता आलेलं नाही. खारघरला एक आश्रम बघायला गेले होते, स्वच्छ, हवेशीर, देवघर, खिडकीतून डोंगर, मला आवडलाच होता. पॅसेजमधे एक आजी खुर्चीत बसलेल्या, कमरेला जुन्या सुती साडीची पट्टी, मागे गाठ. मी बघतेय हे बघून बाई म्हणाली, "पडतात ना त्या, म्हणून. मुलानेच सांगितलंय." आणि मुलगा चुकीचा होता का? आई पडली, खुबा मोडला, तर तोच मुलगा भांडायला येणार. आश्रमवाल्याला पडणं परवडत नाही, कारण पडलेलं दिसतं, एक्स-रे निघतो. बांधून ठेवल्याने स्नायू गेले, जखमा झाल्या, माणूस महिन्याभरात मिटून गेला, याचा एक्स-रे निघत नाही. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने हे सरळ हक्क म्हणून लिहिलं, की शिस्त लावायला किंवा स्टाफच्या सोयीसाठी कोणाला बांधायचं नाही, आणि गोळ्या देऊन गुंगवून ठेवायचं नाही. ती गोळी म्हणजे न दिसणारी साडीची पट्टी. डिमेन्शियाच्या माणसांना शांत ठेवायला मानसिक आजारावरची जी औषधं देतात त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मधे दिला आणि औषधाच्या माहितीत छापायला लावला. तुमच्या माणसाच्या गोळ्यांच्या डब्यात नवीन गोळी दिसली तर कोणत्या डॉक्टरने, कशासाठी, किती दिवस, हे विचाराच.

पण मग पडू द्यायचं का? सुरक्षितपणा आणि मोकळेपणा यातलं किती किती, हे मानक लिहिणारा एकटा ऑफिसात बसून ठरवू शकत नाही, ते त्या माणसाला आणि घरच्यांना बसवून ठरवावं लागतं आणि लिहून ठेवावं लागतं, की आजींना चालायचंय, पडण्याचा धोका आम्हाला माहितीये, त्यासाठी पलंग खाली केलाय, रात्री दिवा ठेवलाय, आणि तरी पडल्या तर आम्ही आश्रमाला कोर्टात खेचणार नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या भावाला, दोन दिवस लागले.

आणि खर्चाचं पण बोललं पाहिजे. उद्या सरकारने परदेशातली मानकं जशीच्या तशी आणली, २१५ मिनिटं आणि चोवीस तास नर्स, तर बदलापूर, टिटवाळ्याकडचे निम्मे छोटे आश्रम एक तर बंद होतील नाहीतर पाटी काढून 'पेइंग गेस्ट' म्हणून चालतील, आणि तिथली माणसं जाणार कुठे? मला विचाराल तर मी खालून सुरू करीन. आधी नुसती नोंदणी, की इथे असा आश्रम आहे आणि एवढी माणसं आहेत, एवढं तरी कोणाला तरी माहीत असू दे. मग रात्री जागा असलेला माणूस. दाखल करताना अंग तपासून नोंद. कोणी पडलं, भाजलं, हरवलं तर बाहेर कळवणं, आश्रमातल्या आश्रमात दाबणं नाही. आणि दर महिन्याला वजन.

वजनावर लोक हसतात पण ऐका. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरणं ही नर्सिंग होम्समधे धोक्याची घंटा धरतात. पन्नास किलोचा माणूस महिन्यात अडीच किलो उतरला, की कुठेतरी गडबड आहे, भरवत नाहीयेत, दात दुखतोय, मन लागत नाहीये, काहीतरी. साधा काटा पुरतो, उभं राहता येत नसेल तर खुर्चीसकट वजन करून खुर्चीचं वजा करायचं. मोठा दवाखाना नको, सॉफ्टवेअर नको. पहिल्या आश्रमात आत्याचं वजन कोणी केलंच नव्हतं. मला कळलं ते तिच्या बांगड्यांवरून. तिच्या काचेच्या दोन हिरव्या बांगड्या, ज्या वीस वर्षं मनगटावरून निघत नव्हत्या, त्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरायला लागल्या होत्या.

तुम्ही जागा बघायला जाणार असाल तर सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळं घासूनपुसून असतं. संध्याकाळी सातला जा, शक्यतो रविवारी, न कळवता. एका ठिकाणी मला पावणेसहाला सगळ्यांची जेवणं उरकलेली दिसली, कारण संध्याकाळच्या बाईची सातची लोकल. पुढचा चहा सकाळी साडेसातला, म्हणजे जवळजवळ चौदा तास पोट रिकामं, त्यातले चार जण डायबेटिसचे. बेलची दोरी कुठे आहे बघा, मला एका खोलीत ती वर खिळ्याला गुंडाळून ठेवलेली सापडली, 'सारखी ओढतात' म्हणून. फिनेलचा वास जोरात येत असेल तर तो कशावर मारलाय ते बघा. आणि तिथल्या मावशींना विचारा की या आजींना काय आवडतं. उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. काही खटकलं आणि दाद लागत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, एल्डरलाइन, टोल फ्री.

आत्या आता नेरूळला आहे. तळमजल्यावरचं जुनं रो-हाऊस, रॅम्प इतका खडा की महारेराचा माणूस आला तर तिथेच नापास करेल, आणि दुपारी वरच्या मजल्यावरचा ड्रिल आवाज करतो. पण दाखल केलं त्या दिवशी तिथल्या सिस्टरने पडदा लावून आधी तिचं सगळं अंग बघितलं, टाचेचा फोटो काढला, वहीत लिहिलं 'डावी टाच लाल, येतानाच', माकडहाडाची जखम पट्टी लावून मोजली, आणि मला सही करायला लावली. वजन ४१.५ किलो. मग विचारलं चहा कपात घेतात की बशीत. बशीत. गेल्या महिन्यात ४२.८ होतं.

परवा गेले तर सवयीने आधी तक्ता बघितला. दहाची सही, बाराची सही, दोनची. चारच्या रकान्यात सही नाही, तिथे लिहिलं होतं, 'खुर्चीत बसल्यात, पेपर वाचतायत'. बाहेर पॅसेजमधे जाऊन बघितलं तर खरंच वाचत होती. पेपर उलटा होता, पण ते लिहिलं नव्हतं.